कोवळे वय, मद्य आणि वाहन

रस्त्यावरील अपघाताची बातमी वृत्तपत्रात बहुधा चार-सहा ओळींत संपते. वाहनाचा प्रकार, गावाचे नाव, मृतांची व जखमींची संख्या, 'पोलीस अधिक तपास करीत आहेत' हे ठराविक वाक्य, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी नवी बातमी. परंतु ज्या घरातील मुलाचा त्या चार ओळींत उल्लेख असतो, त्या घराच्या दृष्टीने ती बातमी संपत नाही. अंथरुणाला खिळलेला मुलगा, न्यायालयाच्या तारखा, गहाण पडलेली जमीन, अर्धवट राहिलेले शिक्षण अशा अनेक रूपांनी ती पुढे वीस-पंचवीस वर्षे चालू राहते. किशोरवयातील मद्यपान आणि त्या अवस्थेत वाहन चालविणे या प्रश्नाचा विचार करताना अपघाताच्या क्षणापेक्षा या प्रदीर्घ परिणामांकडे लक्ष वेधणे अधिक अगत्याचे आहे. कारण क्षणाची भीती तरुण मनाला फारशी वाटत नाही, आणि वर्षांचा हिशेब त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो.

केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दर तासाला सरासरी एकोणीस माणसे. महाराष्ट्रात त्या वर्षी पंधरा हजारांहून अधिक व्यक्तींनी रस्त्यावर प्राण गमावले. देशातील एकूण मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. मद्यपानामुळे घडलेल्या अपघातांचे प्रमाण अधिकृत नोंदीत अल्प दिसते. परंतु प्रत्येक अपघातानंतर चालकाच्या रक्ताची तपासणी वेळेवर होतेच असे नाही. विशेषतः आडमार्गावर रात्री घडलेल्या अपघाताची नोंद 'भरधाव वेग' किंवा 'वाहनावरील ताबा सुटला' एवढ्यावरच थांबते. ताबा का सुटला, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

किशोरवयीन मुलांपुरते बोलावयाचे तर, केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दहा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांपैकी १.३ टक्के मुले मद्य घेत असल्याचे आढळून आले. टक्केवारी लहान वाटते. तथापि आपल्या देशाच्या लोकसंख्येत तिचा अर्थ सुमारे तीस लाख मुले असा होतो.

विवेक आधी, पाय नंतर

मद्य पोटात गेल्यावर अन्नासारखे पचावे लागत नाही. जठर व लहान आतडे यांच्या आवरणातून ते थेट रक्तात मिसळते आणि काही मिनिटांतच मेंदूपर्यंत पोहोचते. पोट रिकामे असेल तर हा वेग आणखी वाढतो. मद्याने 'तरतरी' येते असा समज आहे. वस्तुतः मद्य हे मेंदूचे कार्य मंद करणारे द्रव्य आहे. सर्वप्रथम मंद होतो तो संयम, विचार व धोक्याची जाणीव यांचा कारभार पाहणारा भाग. संयम ढिला पडल्यामुळे माणूस मोकळा व धीट झाल्यासारखा भासतो, आणि त्यालाच तरतरी असे म्हटले जाते. पाय लटपटणे, जीभ जड होणे ही लक्षणे त्यानंतरची. म्हणूनच 'मी नीट चालतो आहे, मला काही झालेले नाही' असे सांगणारा मुलगा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते. स्वतःची अवस्था पारखण्याची जी शक्ती, तीच त्या वेळी मद्याने मंदावलेली असते.

किशोरवयात या गोष्टीला आणखी एक पैलू आहे. मानवी मेंदूची बांधणी वयाच्या अठराव्या वर्षी पूर्ण होत नाही, ती साधारणतः पंचविशीपर्यंत चालू असते, हे आता शास्त्रीयदृष्ट्या मान्य झाले आहे. भावना व उत्तेजना यांच्याशी संबंधित भाग आधी विकसित होतात. कपाळामागील भाग, जो परिणामांचा विचार करतो व मनाला आवर घालतो, तो सर्वांत शेवटी परिपक्व होतो. मोटारीचे इंजिन जोरदार असावे आणि ब्रेक मात्र अद्याप बसवावयाचे असावेत, अशी काहीशी ही अवस्था असते. अशा वेळी मद्य असलेला ब्रेकही ढिला करते. शेजारी मित्र बसलेले असतील, तर त्यांच्यापुढे मागे न हटण्याची ईर्ष्या त्यात भर घालते.

हिशेब मिलिग्रॅमचा आणि मीटरचा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. ही मर्यादा किती लवकर ओलांडली जाते, याची कल्पना अनेक सुशिक्षितांनाही नसते. तीव्र बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत आठ टक्के मद्यार्क धरला, तर त्यात सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. साठ किलो वजनाच्या माणसाने एवढी एक बाटली थोड्या वेळात संपविली, तर त्याच्या १०० मिलिलिटर रक्तातील मद्यार्काचे प्रमाण १०० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. हे प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या तिप्पट झाले. व्हिस्की वा रमचा साठ मिलिलिटरचा एक पेग घेतला तरी हा आकडा पन्नासच्या जवळपास पोहोचतो. मुलाचे वजन कमी असेल, तर प्रमाण याहूनही वाढते. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' या प्रचलित वाक्यातील फोलपणा यावरून स्पष्ट व्हावा.

रक्तातील मद्यार्क नाहीसा करण्याचे मुख्य काम यकृत करते, आणि त्याचा वेग ठरलेला आहे: तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. कडक कॉफी, लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची अंघोळ किंवा उलटी यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. फार तर झोप उडते. नशा तशीच राहते. शंभरावर गेलेले प्रमाण शून्यावर येण्यास सात तासांच्या जवळपास अवधी लागतो. रात्री बाराला मद्य घेऊन पहाटे चारला 'आता उतरली' म्हणून मोटारसायकलला किक मारणारा मुलगा अद्यापही कायद्याच्या मर्यादेच्या वरच असतो, शिवाय त्याला झोप झालेली नसते.

रस्त्यावर याचा अर्थ काय होतो? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर अंतर कापते. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत सेकंदभर जरी अधिक लागला, तरी वाहन सतरा मीटर पुढे गेलेले असते. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या हंगामात रात्रीच्या वेळी मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या व बैलगाड्या रस्त्याने जात असतात. काही रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. शुद्धीवर असलेल्या चालकालाही त्या पुरेशा अंतरावरून दिसत नाहीत. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशझोताने डोळे दिपल्यावर नजर पूर्ववत होण्यास, अंतराचा अंदाज घेण्यास, आणि एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवण्यास जी क्षमता लागते, तीच मद्याने बोथट होते. नवशिक्या चालकाजवळ ती मुळातच कमी असते.

शरीरावर राहणाऱ्या खुणा

अपघातात जो दगावतो त्याच्याबद्दल समाज हळहळतो. जो वाचतो त्याच्याबद्दल 'थोडक्यात बचावला' असे म्हणून सर्वजण निःश्वास टाकतात. परंतु बचावणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे. दुचाकीच्या अपघातात, विशेषतः हेल्मेट नसताना, डोक्याला होणारी इजा सर्वांत घातक असते. मेंदूच्या पुढील भागाला मार बसलेला तरुण हिंडू-फिरू लागतो, जेवतो, ओळखीच्यांशी बोलतो. पण वाचलेले ध्यानात राहत नाही, एका जागी बसवत नाही, क्षुल्लक कारणावरून संताप येतो, अधूनमधून फेफरे येते. बाहेरून धडधाकट दिसत असल्यामुळे लोक त्याला आळशी किंवा तापट ठरवितात. त्याच्या स्वभावातील बदल हा इजेचा भाग आहे, हे पुष्कळदा घरच्यांनाही उमगत नाही.

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झाल्यास कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडू शकतो. लघवी व शौच यांवरील ताबा जातो. एकाच कुशीवर पडून राहिल्याने अंथरुणातील जखमा होतात, त्या चिघळतात. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वरचेवर होतो. दर दोन-तीन तासांनी कूस पालटावी लागते आणि हे काम बहुधा आई करते. ती शेतमजुरीला जात असेल, तर तिची मजुरी बुडते. धाकटी बहीण शिकत असेल, तर तिची शाळा सुटते. अठराव्या वर्षी लुळा पडलेला मुलगा योग्य शुश्रूषा मिळाल्यास अनेक वर्षे जगतो. त्याच्यामागे आईवडील म्हातारे होत जातात. आपल्यानंतर याचे कोण करील, हा प्रश्न अशा घरातून कायमचा मुक्कामाला येतो.

अपघात न घडताही किशोरवयातील मद्यपान आपल्या खुणा ठेवून जाते. स्मरणशक्तीशी निगडित असलेला मेंदूचा भाग या वयात मद्याला विशेष बळी पडतो. अभ्यासातील घसरण, गैरहजेरी, परीक्षेतील अपयश ही त्याची पहिली चिन्हे होत. त्याहून गंभीर गोष्ट व्यसनाची. अमेरिकेत १९९० च्या दशकात झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीच्या विश्लेषणात असे आढळले की, चौदा वर्षे किंवा त्याआधी मद्यास सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के व्यक्ती पुढे कधी ना कधी मद्याच्या आहारी गेल्या. वीस वर्षांनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांच्या घरची परिस्थितीही अनेकदा प्रतिकूल असते, त्यामुळे सर्व दोष एकट्या वयाकडे देता येणार नाही. परंतु पहिला पेला जितका लांबणीवर पडेल तितका धोका कमी, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो. यकृताचे विकार आणि मुख, अन्ननलिका, यकृत यांसारख्या अवयवांचे कर्करोग हे पुढचे टप्पे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याचा समावेश कर्करोगकारक द्रव्यांत केला आहे.

कायदा कोणाला जबाबदार धरतो?

मद्य पिऊन वाहन चालविल्याबद्दल १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि नंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा चालकाला चिथावणी वा साहाय्य देणाऱ्यासही कलम १८८ खाली तीच शिक्षा सांगितली आहे. 'चल, काही होत नाही' म्हणून किल्ली हातात ठेवणाऱ्या मित्राने हे ध्यानी घ्यावे.

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत कायद्याचा रोख मुलापेक्षा वडीलधाऱ्यांकडे अधिक आहे. पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी सोळा वर्षांनंतर परवाना मिळू शकतो. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोलच्या दुचाकी त्याहून अधिक क्षमतेच्या आहेत व त्यांना अठरा वर्षे पूर्ण होणे आवश्यक आहे. अल्पवयीन मुलाने मोटार वाहनाचा गुन्हा केल्यास कलम १९९-क नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी असल्याचे गृहीत धरले जाते. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांकरिता रद्द होते, आणि त्या मुलास वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत वाहन परवाना मिळत नाही. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावरच असते. 'पोरगा न विचारता गाडी घेऊन गेला' एवढे सांगून भागत नाही. किल्ली कोठे होती, याचेही उत्तर द्यावे लागते.

मद्य पुरविणाऱ्यांसाठी तरतूद याहून कडक आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलास मद्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम केवळ दुकानदाराला लागू नाही. लग्नाच्या वरातीत पुतण्याच्या हाती पेला देणारा काका, गटारीच्या जेवणावळीत 'आता मोठा झालास' म्हणून कौतुकाने बाटली पुढे करणारा शेजारी, हे दोघेही त्याच्या कक्षेत येतात. महाराष्ट्रात बिअर व वाइन यांसाठी एकवीस, तर तीव्र मद्यासाठी पंचवीस ही किमान वयोमर्यादा आहे. म्हणजे महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेला विद्यार्थी अठरा वर्षांचा मतदार असला, तरी मद्याच्या बाबतीत तो कायद्याने अपात्रच आहे.

न्यायालयांची दृष्टीही कालौघात अधिक कठोर झाली आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईतील कार्टर रोडवर मद्याच्या अमलाखाली असलेल्या एका तरुणाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण ठार झाले. सत्र न्यायालयाने या प्रकरणी निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती वाढवून सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षांची शिक्षा ठोठावली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मद्य पिऊन वाहन हाकणाऱ्याला मृत्यूच्या शक्यतेची जाणीव असते, असे धरले जाऊ शकते, हे या निर्णयामुळे स्पष्ट झाले.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे घडलेली घटना वाचकांच्या स्मरणात असेल. सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचे सांगण्यात आलेल्या महागड्या मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्या मुलाला काही तासांतच जामीन मिळाल्याने लोकक्षोभ उसळला. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांसह अनेकांना अटक झाली. मुलाचे वडील व मद्य पुरविणाऱ्या आस्थापनांतील माणसेही कारवाईतून सुटली नाहीत. आरोपांचा निवाडा न्यायालयाचे काम आहे. परंतु एका सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती पेला आणि किल्ली जाण्यापर्यंत किती वडीलधाऱ्यांचे हात लागतात, याचा विचार या निमित्ताने साऱ्या राज्याला करावा लागला, हे महत्त्वाचे आहे.

नुकसानभरपाईचे गणित

खेड्यापाड्यांत तुरुंगाच्या भीतीपेक्षा एक वेगळी बाब अधिक परिणामकारक ठरू शकेल. ती म्हणजे नुकसानभरपाई. उदाहरणादाखल असे गृहीत धरू की, परवाना नसलेल्या व मद्य घेतलेल्या मुलाच्या मोटारसायकलने दिलेल्या धडकेत अठ्ठावीस वर्षांचा एक स्वतंत्र व्यवसाय करणारा गवंडी मरण पावला. त्याची मासिक कमाई १५,००० रुपये होती. मागे पत्नी व दोन मुले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे त्याचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये. त्यात भावी वाढीचे ४० टक्के मिळविले की २,५२,००० रुपये. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एकतृतीयांश वजा केला की १,६८,००० रुपये. या वयाकरिता ठरलेला गुणक १७ आहे. गुणाकार होतो २८,५६,००० रुपये. अंत्यविधी आदी अन्य बाबींची रक्कम व अर्जाच्या तारखेपासूनचे व्याज वेगळे.

वाहनाचा विमा असला तर ही रक्कम विमा कंपनी भरील, अशी अनेकांची समजूत असते. परंतु चालकाजवळ परवाना नव्हता व मालकाने जाणूनबुजून वाहन त्याच्या हाती दिले, असे सिद्ध झाल्यास न्यायाधिकरण विमा कंपनीला मृताच्या कुटुंबास रक्कम देण्याचा व नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करण्याचा आदेश देऊ शकते. विम्याची मुदत संपलेली असेल, तर सारा भार मालकावरच येतो. चार-पाच एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्याला अठ्ठावीस लाख रुपये म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. आणि हे गणित मांडताना त्याची दुसरी बाजूही विसरता कामा नये: एवढी रक्कम मिळूनही गवंड्याच्या मुलांना त्यांचा बाप परत मिळत नाही.

शाळा, घर व ग्रामपंचायत

या प्रश्नावर काय करता येईल? शिक्षकांपुरते पाहिले, तर भीती घालणारे व्याख्यान वर्षातून एकदा देण्यापेक्षा वर मांडलेले गणित फळ्यावर सोडविणे अधिक उपयुक्त ठरेल. वेग व अंतर यांची उदाहरणे गणिताच्या तासाला, मद्यार्काचा परिणाम विज्ञानाच्या तासाला आणि बाल न्याय अधिनियमातील तरतुदी नागरिकशास्त्राच्या तासाला घेता येतील. मित्रांच्या आग्रहाला नकार कसा द्यावा, याचा सराव मुलांकडून संवादरूपाने करून घेता येतो. 'नको' म्हणण्याचे शब्द आधी तोंडात बसलेले असले, तर वेळेला ते सापडतात. शाळेच्या आवारात दुचाकीवरून येणाऱ्या विद्यार्थ्याचे वय व परवाना पाहणे आणि पालकांना लेखी कळविणे, हेही मुख्याध्यापकांच्या हाती आहे.

घरात दोन गोष्टी पाळाव्यात. गाडीची किल्ली खुंटीवर टांगलेली नसावी. आणि मुलाला एक शब्द दिलेला असावा की, कोठेही अडचणीत सापडलास, तू किंवा तुझ्या मित्राने मद्य घेतले असले, तरी फोन कर, मी घ्यायला येतो. जे बोलायचे ते सकाळी बोलू. बापाच्या रागाच्या धास्तीने गाडी हाकीत घरी येण्यापेक्षा तो फोन केव्हाही बरा. कोणी मद्याने बेशुद्ध झाला असेल, तर 'झोपू द्या, उतरेल' म्हणून त्यास उताणे सोडू नये. उलटी श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. त्यास कुशीवर निजवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४-क प्रमाणे संरक्षण आहे. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने कोणी पाठ फिरवू नये.

ग्रामपंचायतींचे स्थान या कार्यात मोलाचे आहे. सार्वजनिक आरोग्यास अपायकारक अशा मादक पेयांच्या सेवनास बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात सांगितले आहे. महाराष्ट्रात गावातील परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी मतदानाची तरतूद आहे. २००८ सालच्या आदेशानुसार महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान पंचवीस टक्क्यांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते आणि निम्म्याहून अधिक मते विरोधात पडल्यास दुकान बंद होते. 'उभी बाटली की आडवी बाटली' या नावाने हे मतदान खेड्यापाड्यांतील भगिनींना परिचित आहे. अर्थात दुकान बंद झाल्यावर अवैध हातभट्टी किंवा ढाब्यावरील चोरटी विक्री वाढू नये, यासाठी पोलीस पाटील, ग्रामसेवक व राज्य उत्पादन शुल्क विभाग यांना सतत जागरूक राहावे लागते. ज्या गावात दुकान आहे, तेथेही अल्पवयीनांना विक्री होते किंवा कसे, हा विषय ग्रामसभेपुढे ठेवता येतो.

धुळवड, गटारी, विसर्जन मिरवणूक, यात्रा, एकतीस डिसेंबर आणि लग्नसराई हे दिवस आधीच ठाऊक असतात. त्या दिवसांपूर्वी ग्रामसभेत किंवा तरुण मंडळाच्या बैठकीत सूचना देणे, वरातीत मद्य देऊ नये असा ठराव करणे, रात्री परतणाऱ्यांसाठी जबाबदार चालकासह जीप वा टेम्पोची सोय करणे, उसाच्या ट्रॉल्यांना व बैलगाड्यांना लाल परावर्तक पट्ट्या लावून घेणे, ही कामे अल्प खर्चाची आहेत. त्यांसाठी स्वतंत्र योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

जो मुलगा आधीच या वाटेला लागला आहे, त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून पाहून भागणार नाही. व्यसनाधीनता हा उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व त्यासारख्या इतर संस्थांनी हे महाराष्ट्राला दाखवून दिले आहे. केंद्र शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक समुपदेशनासाठी उपलब्ध आहे. शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर तो लिहिलेला असावा.

१८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी शहरात दारूची दुकाने वाढविण्यास लेखी विरोध केला होता. संत गाडगेबाबा व राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी पुढे कीर्तन-भजनांतून हाच विचार गावोगाव पोहोचविला. त्यांच्या काळी दारू संसार बुडवीत असे. मुलाच्या हाती ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणारे वाहन नव्हते. आज ते आहे. म्हणून वडीलधाऱ्यांची जबाबदारी वाढली आहे. सतरा वर्षांच्या मुलाला पंचवीस वर्षांपुढचे दिसत नाही, हा त्याच्या वयाचा धर्म आहे. ते ज्यांना दिसते त्यांनी पेला आणि किल्ली या दोन्ही गोष्टी त्याच्या हाती पडणार नाहीत, एवढी दक्षता घेतली, तरी अनेक घरांतील चार ओळींची बातमी छापली जाण्याची वेळ येणार नाही.